कुजबुज कुठल्या बाजूची

“थोडा आवाज वाढवा,” गायकाची विधवा म्हणाली आणि तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरला.

रेकॉर्डिस्टने वाढवला. गाणं ऐन रंगात होतं. मग गायकाचा श्वास अडकला. दोन ओळींच्या मधे तो पुटपुटला, “छातीत कळ येतेय. थांबतो.” लगेच मागून बायकी कुजबुज आली, “आता थांबू नका. लोक बघताहेत.”

तो थांबला नाही. पुढच्या कडव्यात तो रंगमंचावरच कोसळला आणि तिथेच संपला.

त्याच्या मागे गायला दोघीच बसल्या होत्या. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सून. ‘थांबू नका’ कोण म्हणालं, यावरून घर फुटलं. सासूने सगळं खापर सुनेवर फोडलं. मी असलं काही बोललेच नाही, असं सून रडूनरडून सांगत राहिली. मुलाने तिला माहेरी पाठवलं. मग त्याचंच मन खायला लागलं, तेव्हा त्याने रेकॉर्डिंग इथे स्टुडिओत आणून दिलं. संध्याकाळी तो ऐकायला येणार होता. आई दुपारीच आली.

“नुसत्या कुजबुजीवरून माणूस ओळखता येत नाही, बाई,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “आणि नवरा असो की सासरा, दोघांनाही ‘थांबू नका’ असंच म्हणणार.”

“मग कळणार कसं?”

“बाजूवरून.”

त्याने समजावून सांगितलं. गायकासमोर दोन माइक होते. एकाचं तोंड थेट गायकाकडे. दुसरा फक्त आजूबाजूचं ऐकणारा. दोन्हींची बेरीज केली की डावी बाजू मिळते, वजाबाकी केली की उजवी. बाई मान डोलवत होत्या, डोळ्यांना पदर लावत होत्या. त्याने चहा बाजूला सारला, दुसरा हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला आणि बाजूचा माइक हळूहळू वर आणला. प्रेक्षकांतले खोकले आले. खुर्ची करकरली. मग कुजबुज आली, आणि मधोमध न थांबता एका कानात जाऊन बसली.

“उजवीकडून,” तो म्हणाला. “सभागृहातून बघितलं तर उजव्या हाताला जी बसली होती, ती. शंकाच नको.”

बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता.

“सूनबाईंनी मुद्दाम केलं नसेल हो,” तो हळूच म्हणाला. “पोरीच्या तोंडून निघून गेलं असेल. सांभाळून घ्या.”

त्यांनी ते ऐकलंच नाही.

“हा आवाज डावीकडे नेता येतो का?”

“येतो की. बेरजेच्या जागी वजाबाकी केली की झालं. एका बटणाचं काम. पण मग सगळंच उलटं होईल, बाई. व्हायोलिनसुद्धा इकडचं तिकडे जाईल.”

“व्हायोलिनवाला कुठे बसला होता, ते माझ्या मुलाला आठवायचं नाही,” बाई म्हणाल्या. “मी उजवीकडे बसले होते, ते मात्र आठवेल.”