बाटली संपेपर्यंत

बाटलीतलं औषध कोऱ्या चहासारखं दिसत होतं. दिपाली आरोग्य केंद्राच्या खाटेवर पडून त्याच्याकडेच बघत होती.

"हे रक्तच हाय नं, सिस्टर?"

"लोह आहे," पुनम सिस्टर म्हणाली. "त्याचं रक्त तुझं शरीर करील."

"व्हय. म्हणजे रक्तच."

पायथ्याशी सासू कौशल्याबाई बसली होती. दोघींचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. वसमतकडे हळद निघाली की दोन महिने साऱ्या बायांचे हात असेच असतात. गावची आशा कार्यकर्ती चंदाबाई या दोन महिन्यांत दोनदा दिपालीच्या घरी येऊन गेली. रक्त कमी आहे का बघायला तिने तळहात पाहिले, नखं पाहिली. पिवळी होती. तिची स्वतःचीही पिवळीच होती. "माझ्यापरीस तुझेच हात बरे दिसून राहिले," असं म्हणून ती हसली होती.

काल पुनमने दिपालीची खालची पापणी ओढून पाहिली. आत कागदासारखं पांढरं होतं. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक एक दशांश. आठवा महिना.

एक ग्रॅम लोह अर्ध्या तासात शिरेत जातं. त्याचं पुरेसं रक्त व्हायला तीन आठवडे तरी लागतात. बाळंतपणाला पाच होते. पुनमने दोनदा मोजलं होतं. बसत होतं.

सुई लावण्याआधी तिने विचारलं होतं, "पोटात, कंबरेत दुखतंय का?"

"न्हाई," दिपाली म्हणाली होती.

बाटली रिकामी झाली. पुनमने सुई काढली, कापूस दाबून धरला.

"समदी गेली नं आत?"

"सगळी गेली."

दिपालीने डोळे मिटले. खाटेची कड दोन्ही हातांनी आवळून धरली. बराच वेळ तिने श्वास सोडला नाही. मग सोडला.

"सिस्टर, आता सांगते. पहाटंपासून कळा येऊन राहिल्या."

"अगं बया!" कौशल्याबाई उठली. "शेजारी बसले मी सकाळपासून. बोलली काहून न्हाईस?"

"तुमी लगेच नांदेडला घेऊन गेल्या असत्या, आत्या. बाटली राहून गेली असती. बिना रक्ताची बाई बाळंतपणात वाचत न्हाई, चंदाबाईनंच सांगितलं न्हाई का काल?"

नांदेडला रक्ताच्या पिशव्या होत्या. पहाटेच निघाली असती, तर एव्हाना एक चढलीही असती.

पुनमने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी कळमनुरीकडे गेली होती. यायला तास लागणार होता.

"किती वेळाने येतायत कळा?" तिने विचारलं.

"लई जवळ जवळ." दिपालीच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा निवांत होता. तिने पुनमचा हात धरला. "भिऊ नका, सिस्टर. आता रक्त भरलं की."