हिरवे शब्द

बाबा हल्ली विसरायला लागले होते, म्हणून दिवसभराच्या नोंदी कॉम्प्युटरवर लिहून ठेवत. ते ज्यात लिहीत त्या एडिटर प्रोग्रॅममध्ये मी एक सोय करून दिली. नावाच्या शेवटी टिंब देऊन 'रोज' लिहिलेली फाइल उघडली, की ठरावीक शब्द आपोआप हिरवे दिसत, म्हणजे वाचताना नजर तिथे थांबे. त्या शब्दांची यादी त्यांनीच करायची होती.

"डोक्यातून निसटतं तेवढंच रंगवायचं," ते म्हणाले. "सगळंच हिरवं केलं तर गुरं शिरतील."

पहिल्या आठवड्यात गोळी, गॅस आणि किल्ली हिरवे झाले. 'लेक' काळाच राहिला.

"मला नाही का रंग?" मी रुसून विचारलं.

"तू काय विसरायची गोष्ट आहेस, वेडाबाई?"

तेव्हापासून कामावरून आल्यावर मी आधी त्यांची फाइल उघडायचे आणि तो काळा शब्द पाहून मगच चपला काढायचे.

काल नोंद होती, 'लेक उशिरा येणार. जेवायला थांबायचं.' त्यातला पहिला शब्द हिरवा होता.

"बाबा, हा कधी घातलात यादीत?"

"सकाळी," ते म्हणाले. "म्हटलं, आठवतंय तोवर घालून ठेवू."