कासवाची टोपी
पाय मोडून दवाखान्यात पडलेल्या आ-बाननं नवऱ्याला बजावलं होतं, “माझ्यापायी सायकल सोडू नका. रोज फिरा, फोटो पाठवा.” तेव्हापासून रोज सकाळी तिचा मोबाइल वाजायचा. कधी तुडुंब भातखाचरं, कधी धुक्यातला पूल, कधी पावसातलं देऊळ. आज समुद्र आला. मधोमध कासवाच्या आकाराचं कासवबेट, लख्ख उन्हात. आजच तिची खाट खिडकीशी सरकवली होती. तिनं बाहेर पाहिलं, तर दूर समुद्रात त्याच बेटावर ढग बसलेला. कासवानं टोपी घातली की पाऊस येतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सरी सुरूही झाल्या. तिनं फोटो पुन्हा निरखला. रस्त्यावर दोन सायकलींच्या सावल्या होत्या, एक तिची स्वतःची, पाय मोडण्याआधीची. खाली फाटकापाशी बाकावर कुणीतरी तिचीच फुलाफुलांची छत्री उघडली. तिनं फोन लावला. “अहो, कुठवर पोचलात?” “किनाऱ्यावर! ऊन नुसतं भाजतंय.” “मग छत्री मिटा आणि वर या.”