मांडवातला पहिला मान

अंबादासमास्तरांनी मुंबईच्या स्टुडिओत जाऊन आपल्या सॅक्सोफोनची रेकॉर्ड केली. सगळं जाझ, सगळ्या चाली स्वतःच्या. वर्ष झालं, कोल्हापुरात तिचं नावही कुणी काढलं नाही. शेवटी मास्तर सॅक्सोफोन विकायला निघाले. दारातच गुंडू भेटला. तो लग्नात लाऊडस्पीकर लावायचा.

“मास्तर, तुमची रेकॉर्ड झिजली की. दुसरी हाय काय?”

“झिजली?” मास्तरांना खरं वाटेना. “एवढी लावतोस?”

“व्हय तर. कुठल्याबी मांडवात पहिला मान तुमचाच.”

मास्तर मागं फिरले. सॅक्सोफोन खाटेवर ठेवला, धडपडत नवी रेकॉर्ड काढून दिली आणि झिजलेली मागून घेतली. हौसेनं उजेडात धरली.

कडेचा बोटभर पट्टा खरवडून पांढरा पडला होता. त्याच्या आत सगळी रेकॉर्ड नवीकोरी होती.

“कर्णं वाजत्यात का बघायला लई बरी पडती,” गुंडू म्हणाला. “गाणं मधीच काढलं की लोक वरडत्यात. तुमची काढली तर कोण काय म्हणत न्हाय.”