चाचींचं पत्र

कराडच्या जरिनाचाचींच्या क्रेडिट कार्डाचं बिल दोनदा भरलं गेलं. एकदा त्यांनी बँकेत जाऊन भरलं आणि त्याच दिवशी पुण्याच्या लेकानं मोबाइलवरून. जादा गेलेले अठरा हजार परत आले, तरच त्यांच्या बांगड्यांच्या दुकानात लग्नसराईचा माल भरता येणार होता.

"चाची, तेवढ्याची खरेदी करा की कार्डावर," बँकेतले साहेब हसत म्हणाले.

"घाऊक व्यापारी कार्ड घेत न्हाई. आन् माझेच पैसे सोडवायला मी आणखी खर्च करू व्हय?"

तीन सोमवार त्यांना नुसतं "पुढच्या आठवड्यात या" ऐकावं लागलं. मग साठीत लिहायला शिकलेल्या चाचींनी स्वतःच्या हातानं पानभर पत्र लिहिलं आणि बँकेत देऊन पोच घेतली. चौथ्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले.

साहेबांनी मुद्दाम फोन केला. "दंड, व्याज, कायदेशीर कारवाई... फारच कडक लिहिलंत, चाची. कुठला वकील गाठलात?"


"वकील कशाला, साहेब? मागं माझं बिल दोन दिवस थकलं, तवा तुमी धाडलेली नोटीस बघून लिवलं. नावं तेवढी अदलाबदल केली."