बेटावरची सनद

“नकाशात नदी आहे, अम्मा. बेट नाही.”

आंध्राकडच्या तामसीच्या कचेरीत, पोरींनाही अम्मा म्हणणाऱ्या शरदचंद्र कारकुनांनी हे चौथ्यांदा सांगितलं आणि बशीतल्या चहावर फुंकर घातली. ती बशी त्यांच्याच फायलींवर पालथी करावी, असं वनमालाला फार वाटलं. पण उद्या पाच वाजेपर्यंत रहिवासी दाखला पोचला नाही तर कॉलेजातली तिची जागा दुसऱ्या कोणाला तरी जाणार होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

“मंग मी राहून राह्यली कुठं, साहेब? पाण्यात?”

“ते मी कसं सांगू? महाराष्ट्राकडं विचार.”

“विचारलं. ते म्हणतात, आंध्राकडं विचार.”

पैनगंगेच्या मधोमध वसलेल्या तिच्या गावाचं सगळं असंच होतं. मतं मागायला दोन्ही काठांवरून डोंगे यायचे. पोलिओचे थेंबही दोन्हीकडून. बेटावरची लेकरं एकाच रविवारी दोनदा तोंड उघडायची. विजेचा खांब मात्र एकाही काठानं दिला नाही. दप्तर डोक्यावर धरून, डोंग्यातून शाळेत जाऊन वनमालानं दहावीत सहाशेपैकी पाचशेच्या वर मार्क आणले. एवढं करून अडलं कशावर, तर ती राहते की नाही यावर.

मागच्या खेपेला शरदचंद्रांनी एक वाट दाखवली होती. निजामाच्या वेळचं काही सरकारी लिखाण आण. त्यात बेटाचं आणि तुमच्या घरचं नाव पाहिजे; निजामाचा मुलूख तो आता आंध्राचा.

तसं लिखाण गावात होतं. घाटावर उर्दू कोरलेला काळा दगड होता. गाव त्याला सनद म्हणायचं. वनमालाच्या पणज्यानं, महिपतनं, पुरातून निजामाच्या साहेबाचं काहीतरी वाचवलं आणि साहेबानं खूश होऊन अख्खं बेट बक्षीस दिलं, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. काय वाचवलं, यावर मात्र घरोघरी भांडण. कोणी म्हणे साहेबाचा घोडा, कोणी म्हणे बायको. जयवंताबाईच्या घरी तर साहेबाचा हुक्काच वाचवला होता. पोळ्याला बैल आधी सनदेपुढं उभे राहत, मग मारुतीपुढं. वाचता कोणालाच येत नव्हतं, आणि येऊनही उपयोग नव्हता. शेंदराच्या थराखाली अक्षर दिसतच नव्हतं.

वनमालानं काल खुरपं घेतलं आणि शेंदूर खरवडून काढला.

“पोरीनं देव उघडा केला,” जयवंताबाई घाटभर सांगत सुटली. वनमालानं ऐकून घेतलं. दगडावर पतंगाचा कागद धरला, वरून कोळसा घासला, अक्षरं उमटवली आणि आज सकाळी वडलांना, उद्धवरावांना, घेऊन तामसीच्या बसमध्ये बसली.

आता तो कागद टेबलावर होता, आणि शरदचंद्रांना उर्दू येत नव्हती.

“आजकाल येते कोणाला? सोमवारी ये. कोणी भेटलं तर बघू.”

“सोमवारी काऊन? सोमवारी काय करू मी त्या दाखल्याचं? चुलीत घालू?”

“वनू,” उद्धवराव कसनुसं तोंड करून म्हणाले. “साहेबासंग हळू बोल, माय.”

ती तरातरा बाहेर गेली. कचेरीच्या ओट्यावर लोकांचे अर्ज लिहून देणारे म्हातारे नरसिंगराव बसत. निजामाच्या शाळेत सातवीपर्यंत उर्दूत शिकलेले. त्यांचा चष्मा, काठी आणि ते स्वतः, असं सगळं ती सनदेची, पोळ्याच्या पूजेची गोष्ट सांगत ओढतच आत घेऊन आली.

नरसिंगरावांनी कागद खिडकीपाशी धरला. ओठ हलवत एकदा मनात वाचला. मग उद्धवरावांकडं बघितलं.

“पूजा करता तुमी याची?”

“दर पोळ्याले. नारळ फोडतो.”

“हं.” नरसिंगराव खाकरले आणि एकेक शब्द मराठीत सांगू लागले. “सरकारचा हुकूम. नदीतलं हे बेट राहण्याच्या लायक नाही. महिपत वल्द रायभान आणि त्याच्यासोबतची सात घरं, यांना तीनदा ताकीद दिली. ते उठत नाहीत. पुरात वाहून गेले तर सरकार जिम्मेदार नाही.”

शरदचंद्रांना चहाचा ठसकाच लागला. “बक्षीस कुठलं, अम्मा? ही तर हकालपट्टी. आणि तुम्ही तिलाच हार घालता?”

उद्धवराव बाकावर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. “आता गावाले काय सांगू मी,” ते टोपीलाच विचारत होते.

वनमालाचे कान तापले. घोडा नाही, बायको नाही, हुक्कासुद्धा नाही. साठ-सत्तर वर्षांचे नारळ, आणि कालची जयवंताबाईची बोलणी, सगळं या कागदासाठी. चुरगाळून टाकायला तिनं तो ओढून घेतला. बोटं कोळशानं काळी झाली. मग ती थांबली. कागद पुन्हा नीट पसरून तिनं नरसिंगरावांपुढं ठेवला.

“आबा, हुकूम कोणत्या सालचा?”

“तेराशे एक्केचाळीस फसली. म्हणजे एकोणीसशे एकतीस.” त्यांनी खाली बोट टेकवलं. “नंबर कोरलेला आहे. सरकारची मोहर पण.”

“आन माह्या पणज्याचं नाव?”

“पहिलंच.”

ती टेबलाकडं वळली. “साहेब, त्या साली महिपत कुठून उठत नव्हता?”

शरदचंद्र अजून डोळे पुसतच होते. “कुठून म्हणजे? बेटावरून.”

“मंग तेच लिवा दाखल्यावर.”