नावेत उभा माणूस

संग्रहालयातली ती अभ्यासक गेली बारा वर्षं एकाच चित्राच्या मागे लागली होती. सातशे वर्षांपूर्वीच्या पोथीतलं पान: मृतांची नदी, नावेत उभा नवरा, काठावर हात उंचावलेली बायको. ती त्याला परत बोलावतेय की निरोप देतेय, यावरून विद्वानांत दोन तट पडले होते. ही 'परत बोलावतेय'वाली. दुसऱ्या तटातल्या कुणाबरोबर चहासुद्धा घेत नसे.

वडील जाऊन दोन महिने झाले होते. आई घरात नुसती बसून असायची, म्हणून एक दिवस तिने आईला कामावर सोबत नेलं. आईने भिंगातून चित्र बराच वेळ पाहिलं.

"खाली बस म्हणतेय त्याला," आई म्हणाली. "नाव हलतेय आणि हा खांबासारखा उभा. तोल जाईल ना!"

"अगं आई, तो मेलाय."

"म्हणून काय झालं? सांभाळून जायला नको?"

मुलीने वाद घातला नाही. नोंदवहीत तिने दोन्ही तटांची मतं खोडली आणि आईचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं. 'आधार' या रकान्यापाशी मात्र ती जरा थांबली. मग लिहिलं: चाळीस वर्षांचा संसार.